पडद्यावरचा इशारा आणि इसहाकाची शंका
(ॲन आर्बर येथे रविवारी झालेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण, ध्वनिमुद्रणावरून शब्दांकित)



मागच्या रांगेत मान खाली घालून मोबाइल पाहणाऱ्या मुलांनो! आज तुमच्यावर मी रागावणार नाही. माझा विषय तुमच्या हातातच आहे.

काल शब्बाथला आपण तोलदोतची पराशा ऐकली. इसहाक वृद्ध झाला आहे, त्याची दृष्टी गेली आहे, आणि याकोब थोरल्या भावाचे कपडे घालून, हातांना व मानेला करडांची कातडी गुंडाळून त्याच्यापुढे उभा आहे. त्या वेळी इसहाकाला शंका आली नाही असे नाही. ती आली, आणि एकदा नव्हे, अनेकदा आली. इतक्या लवकर शिकार कशी मिळाली, असे त्याने विचारले. जवळ बोलावून चाचपून पाहिले. आवाज एकाचा आणि हात दुसऱ्याचे आहेत, हे त्याच्या ध्यानात आले आणि त्याने ते बोलूनही दाखवले. तू एसावच ना, असे पुन्हा विचारून घेतले. आणि एवढे सगळे झाल्यावर तो जेवला व त्याने आशीर्वाद दिला. रब्बींनी या प्रसंगाचे अनेक अर्थ लावले आहेत. त्यांत शिरण्याचा माझा अधिकार नाही. लहानपणी हा प्रसंग ऐकताना माझे सारे लक्ष रिबकेच्या चातुर्याकडे असे. गेल्या काही वर्षांत मात्र मला इसहाकच दिसतो. त्याला इशारा मिळाला होता. तो त्याला समजलाही होता. तरी तो पुढे गेला.

मी त्याच्या जागी बसलेली आहे, म्हणून हे सांगते.

२०२१ सालच्या ऑक्टोबरच्या आरंभी माझा जुना लॅपटॉप एकाएकी बिथरला. ज्या संकेतस्थळांवर मी वर्षानुवर्षे जात होते, तेथे जाऊ लागले की पडद्यावर लाल त्रिकोण आणि खाली मजकूर: तुमचे कनेक्शन खाजगी नाही. प्रार्थनेच्या वेळा पाहायला गेले तरी तेच, पाककृती शोधली तरी तेच. दोन दिवस मी घाबरून यंत्र मिटून ठेवले. मग कोणीतरी सांगितले, अहो, खाली 'ॲडव्हान्स्ड' असे लिहिलेले असते, ते दाबा, मग 'पुढे जा' दाबा, काही होत नाही. मी दाबले. खरोखरच काही झाले नाही. महिनाभरात बोटांना अशी सवय लागली की मजकूर वाचण्याचे कारणच उरले नाही.

नोव्हेंबरात आम्ही शिकागोकडे जात असता वाटेत एका ठिकाणी रात्रीचा मुक्काम केला. तेथील वायफाय जोडून मी माझी मेल उघडली. तोच लाल त्रिकोण आला. तीच दोन बटणे मी दाबली, पासवर्ड लिहिला आणि मेल वाचून झोपी गेले. चौथ्या दिवशी माझ्या पत्त्यावरून माझ्या सगळ्या नातलगांना पत्र गेले: मी रुग्णालयात आहे, फोन बंद आहे, ताबडतोब पैसे हवेत. ठाण्याला माझी थोरली बहीण राहते. तिने कोणालाही न विचारता ४५,००० रुपये पाठवले. ते गेले ते गेलेच. मी तिला फोनवर म्हटले, "ताई, अगं, एकदा विचारायचे तरी!" ती म्हणाली, "तू आजारी आहेस असे वाचल्यावर मी विचार करत बसू का?" यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही.

त्या रात्रीच्या वायफायवरच माझा पासवर्ड चोरला गेला, हे मी न्यायालयात सिद्ध करू शकणार नाही. परंतु त्या रात्री मला इशारा दिला गेला होता आणि मी तो न वाचता बाजूला सारला, एवढे मी येथे, तुमच्यापुढे, मान्य करते.

त्यानंतर मी हा इशारा म्हणजे काय ते नीट समजून घेण्याचा निश्चय केला. मी संगणकतज्ज्ञ नाही. मी परिचर्येची पदविका घेतलेली एक परिचारिका आहे. म्हणून मला ते माझ्या भाषेतच समजले.

रुग्णाला रक्त चढवताना आम्ही पिशवी घाईने लावत नाही. दोन परिचारिका उभ्या राहतात. एक वाचते, दुसरी पडताळते. पिशवीवरचे नाव आणि रुग्णाच्या मनगटावरच्या पट्टीवरचे नाव एकच आहे का? मुदत संपलेली तर नाही ना? आणि पिशवी मान्यताप्राप्त रक्तपेढीतून, तिच्या शिक्क्यासह आली आहे का? ब्राउझर नेमके हेच करतो. तुम्ही बँकेचा पत्ता लिहिता तेव्हा समोरचे यंत्र एक प्रमाणपत्र पुढे करते. त्यावर संकेतस्थळाचे नाव असते, कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत ते चालेल हे असते, आणि ते देणाऱ्या संस्थेची सही असते. विश्वासू संस्थांची यादी ब्राउझरपाशी किंवा यंत्रापाशी आधीच ठेवलेली असते. तिन्ही गोष्टी जुळल्या तर तुम्हांला काही दिसतही नाही. एक जरी चुकली तरी तो लाल त्रिकोण येतो. दुसरी परिचारिका हात वर करून म्हणते, थांबा.

म्हणून त्रिकोण आला की प्रथम पाहावे की तिघांपैकी चूक कोणती. त्या पानावर बारीक अक्षरांत ते लिहिलेले असते. 'डेट' हा शब्द दिसला तर मुदतीचा प्रश्न आहे. येथे सर्वांत आधी स्वतःच्या घड्याळाकडे पाहा! जुन्या यंत्राची आतली बॅटरी मेली की त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, आणि मग त्याला प्रत्येक प्रमाणपत्र चुकीच्या तारखेचे वाटते. तारीख व वेळ सुधारली की इशारे आपोआप थांबतात. गूगलच्या संशोधकांनी २०१७ साली अशा इशाऱ्यांची कारणे तपासली, तेव्हा निम्म्याहून अधिक इशाऱ्यांचे मूळ संकेतस्थळात नव्हे, तर वापरणाऱ्याच्या यंत्रात किंवा त्याच्या जोडणीत होते. घड्याळ बरोबर असेल, तर संकेतस्थळ चालवणाऱ्याने प्रमाणपत्राचे नूतनीकरण केलेले नसते. तो बहुधा आळस असतो, दगा नव्हे; पण मुदत संपलेली पिशवी आळसाने राहिली म्हणून आम्ही ती चढवीत नाही.

'नेम' हा शब्द दिसला तर पट्टी आणि पिशवी जुळत नाही. विमानतळावर, हॉटेलात, रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात हे नेहमी घडते, कारण तेथील वायफाय आधी स्वतःचे नोंदणीचे पान तुमच्यापुढे आणू पाहते. तुम्ही बँकेला हाक मारता आणि ओ देतो दारवान. अशा वेळी बँकेच्या पानावर 'पुढे जा' न दाबता वायफायची नोंदणी आधी पुरी करावी, नाहीतर वायफाय बंद करून मोबाइलच्या स्वतःच्या डेटावर तेच पान उघडावे. तेथे ते निमूटपणे उघडले, तर दोष त्या वायफायचा होता हे कळते.

तिसरा शब्द 'ऑथॉरिटी'. याचा अर्थ, सही करणाऱ्याला आम्ही ओळखत नाही. घरातल्या राउटरचे पान उघडताना हे दिसले तर घाबरू नका, तो स्वतःच स्वतःची सही करतो. कार्यालयातील यंत्रावर किंवा काही विषाणुरोधक प्रणालींमुळेही हे दिसते. परंतु मेल, बँक, विमा, रुग्णालयाची नोंद अशा ठिकाणी हा शब्द दिसला, तर तुमच्या व त्या संस्थेच्या मधे कोणीतरी उभे आहे असे समजूनच वागावे. त्या रात्री माझ्या पडद्यावर कोणता शब्द होता? मला माहीत नाही. मी वाचलाच नाही.

आता माझ्या जुन्या लॅपटॉपला ऑक्टोबरात काय झाले होते, ते सांगते, कारण त्याचा धागा या आपल्या गावापर्यंत येतो. एका संकेतस्थळाचे प्रमाणपत्र उघडून मी पाहिले तर देणाऱ्याचे नाव होते 'लेट्स एन्क्रिप्ट'. हे कोण, म्हणून शोध घेतला, आणि कळले की त्याच्या संस्थापकांपैकी एक आपल्याच मिशिगन विद्यापीठातील प्राध्यापक, जे. ॲलेक्स हाल्डरमन. हुरॉन नदीच्या पलीकडे नॉर्थ कॅम्पसवर त्यांचा विभाग आहे. मी कित्येक वर्षे त्या बाजूने गेले असेन. आत काय चालते याची कल्पना नव्हती.

दहाबारा वर्षांपूर्वी प्रमाणपत्र मिळवायला बहुधा पैसे लागत आणि खटपट फार पडे, म्हणून लहान संस्था, दुकाने, प्रार्थनास्थळे ते घेतच नसत; त्यांच्या पानांवर जे लिहाल ते वाटेत कोणीही वाचू शके. हाल्डरमन आणि इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे पीटर एकर्सली हे प्रमाणपत्र आपोआप देण्याची पद्धत बसवीत होते. मोझिलाचे जॉश आस व एरिक रिस्कोर्ला यांचाही तोच विचार होता. हे एकत्र आले. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यांनी योजना जाहीर केली, १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिले प्रमाणपत्र निघाले आणि त्याच डिसेंबरात सर्वांसाठी दार उघडले, विनामूल्य. फेब्रुवारी २०२० पर्यंत त्यांनी शंभर कोटी प्रमाणपत्रे दिली होती. एकर्सली २०२२ मध्ये, वयाच्या ४३व्या वर्षी, निवर्तले. त्यांची स्मृती आशीर्वादित असो.

नवी संस्था निघाली तेव्हा जुन्या यंत्रांच्या यादीत तिचे नाव कोठून असणार? म्हणून तिने एका जुन्या, सर्वमान्य संस्थेच्या सहीचा आधार घेतला होता. त्या जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली. ज्या यंत्रांना सुधारणा मिळत होत्या त्यांना काही जाणवले नाही. माझ्यासारख्यांच्या सुधारणा बंद पडलेल्या यंत्रांनी मात्र दुसऱ्या दिवसापासून ओरडायला सुरुवात केली. म्हणजे दोष त्या संकेतस्थळांचा नव्हता. माझे यंत्र म्हातारे झाले होते, आणि हे त्याचे लक्षण होते. मी लक्षणावर बटण दाबत राहिले, रोगाकडे पाहिले नाही. परिचारिकेला हे शोभणारे नव्हते. त्या वेळी फायरफॉक्स हा ब्राउझर घेतला असता तरी निभावले असते, कारण तो विश्वासू संस्थांची यादी यंत्राकडून न घेता स्वतःजवळ बाळगतो.

आमच्या व्यवसायात या सवयीला नाव आहे. अतिदक्षता विभागात यंत्रे दिवसभर वाजत असतात. त्यांतली बहुतेक कशासाठी तर वायर सैल झाली, रुग्ण कुशीवर वळला. कानांना त्याची सवय होते आणि एखाद्या रात्री खरी घंटा वाजते तेव्हा कोणी उठत नाही. त्यातून मृत्यू घडले आहेत. म्हणूनच जॉइंट कमिशन या संस्थेने २०१४ पासून अमेरिकेतील रुग्णालयांना या घंटांची व्यवस्था लावण्याचे उद्दिष्ट घालून दिले. पडद्यावरच्या घंटेचेही तसेच आहे. २०१३ साली देवदत्त आखवे व एड्रिएन पोर्टर फेल्ट यांनी लाखो इशाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा क्रोम ब्राउझरमध्ये या जातीच्या इशाऱ्यांपैकी ७० टक्के लोक सरळ ओलांडून जात होते आणि फायरफॉक्समध्ये ३३ टक्के. या फरकात पडद्याच्या मांडणीचाही वाटा होता. पुढे क्रोमनेही आपला पडदा बदलला. तेव्हा सारा दोष आपल्या मूर्खपणाचा आहे असे समजून कोणी लाजू नये. ठाण्याच्या माझ्या बहिणीनेही लाजू नये. हे मी तिला उद्देशून बोलते आहे. ती ही पत्रिका वाचते.

घंटा ऐकणाऱ्या एका माणसाने काय होते तेही ऐका. २०११ साली नेदरलँड्समधील डिजिनोटार नावाच्या प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीत चोर शिरले आणि त्यांनी गूगलच्या नावाचे खोटे प्रमाणपत्र काढून घेतले. त्याचा उपयोग इराणमधील लोकांची मेल वाचण्यासाठी झाला. सही खरी, म्हणून बहुतेक ब्राउझर गप्प राहिले. क्रोमला मात्र गूगलच्या स्वतःच्या प्रमाणपत्रांची खूण ठाऊक होती. त्याने इशारा दिला, आणि ऑगस्टमध्ये एका इराणी माणसाने तो न ओलांडता, हे काय आहे, असे उघडपणे विचारले. त्या प्रश्नाने सारे प्रकरण बाहेर आले आणि महिन्याभरात ती कंपनी दिवाळखोर झाली.

आपल्या गावाशी संबंध असलेली दुसरी हकीकत कझाकस्तानची. जुलै २०१९ मध्ये तेथील नागरिकांना सांगण्यात आले की सरकारने दिलेले एक प्रमाणपत्र आपापल्या यंत्रात बसवून घ्या. ते बसवले की सरकारला मधे उभे राहून सर्व वाचता येणार आणि इशारा मात्र कधीच येणार नाही. येथे मिशिगन विद्यापीठात प्राध्यापिका रोया एन्साफी यांचा 'सेन्सर्ड प्लॅनेट' हा प्रकल्प आहे. त्याने हा प्रकार दुरून टिपला आणि फेसबुक, ट्विटर, गूगल यांच्या वाटेत कोणी उभे आहे हे जगाला दाखवले. ऑगस्टमध्ये गूगल, मोझिला व ॲपल यांनी ते प्रमाणपत्र आपल्या ब्राउझरांत बंद केले. म्हणून सांगते, कोणी फोन करून किंवा संदेश पाठवून 'हे प्रमाणपत्र बसवा म्हणजे त्रास थांबेल' असे म्हणाले, तर ते रुग्णाच्या मनगटावरची पट्टी बदलायला सांगण्यासारखे आहे. मुलांनाही सांगते: क्रोमच्या इशाऱ्यावर एक गुप्त शब्द टंकला की दार उघडते, हे तुम्हांला ठाऊक आहे, आणि तुम्हांला ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे. आजीआजोबांच्या यंत्रावर तो वापरू नका. ज्या पानावर 'पुढे जा' हे बटणच नसते, तेथे ते संस्थेनेच मुद्दाम काढवून घेतलेले असते.

आता दुसरी बाजू, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. इशारा आला नाही म्हणजे सर्व ठीक, असेही नाही. बाजारातल्या डब्यावर कोशेरचा शिक्का असतो. तो एवढेच सांगतो की आतला पदार्थ आपल्या नियमांत बसतो. तो पदार्थ चांगला आहे, ताजा आहे, दुकानदार प्रामाणिक आहे, यांपैकी काहीही तो सांगत नाही. लेट्स एन्क्रिप्ट प्रमाणपत्र देताना पाहते ते इतकेच, की मागणाऱ्याच्या ताब्यात ते संकेतस्थळ आहे ना. चोराने बँकेच्या नावात एक अक्षर बदलून पत्ता विकत घेतला, तर तो पत्ता खरोखर त्याचाच असतो. त्याला प्रमाणपत्र मिळते आणि पूर्वी दिसे ते कुलूपही त्याच्या पानावर लागे. लोक कुलूप पाहून विश्वास ठेवू लागले, म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच काढून टाकले. आणि शिक्के देणारे तरी किती? हाल्डरमन यांच्याच गटाने २०१३ साली सगळे इंटरनेट वारंवार तपासून पाहिले, तेव्हा कोणत्याही संकेतस्थळाची ग्वाही देऊ शकणाऱ्या १,८०० हून अधिक संस्था सापडल्या. अठराशे जणांचे शिक्के आपण डोळे मिटून मानतो! आमच्या घरी आई एका खाटिकाशिवाय दुसऱ्याकडून मांस आणीत नसे.

तेव्हा मी स्वतः काय करते? बँकेचे पान कधीही मेलमधल्या दुव्यावरून उघडत नाही. पत्ता स्वतः लिहिते किंवा जपून ठेवलेली खूण वापरते. त्रिकोण आला की शब्द वाचते, घड्याळ पाहते, वायफाय बदलून पाहते. तरीही राहिला तर तेथे काही लिहीत नाही, कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर फोन करते. यंत्राच्या सुधारणा लावते, आणि सुधारणा मिळणे बंद झाले की ते यंत्र पैशाच्या कामातून निवृत्त करते, जशी मी स्वतः झाले. चुकून पासवर्ड दिला गेलाच, तर दुसऱ्या यंत्रावरून, घरच्या जोडणीवरून लगेच बदलायचा आणि नातलगांना त्याच तासाला कळवायचे. मला कळवायला चार दिवस लागले, कारण मला ठाऊकच नव्हते. भारतातल्या मंडळींनी लक्षात ठेवावे, पैसे गेले तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा. जितका उशीर, तितकी रक्कम हाती लागण्याची आशा कमी.

आमच्या कुटुंबात आणखी एक ठरले आहे. पैशाची विनंती कोणाच्याही नावाने आली तर ज्याच्या नावाने आली त्याला फोन करून एक प्रश्न विचारायचा, ज्याचे उत्तर फक्त घरच्यांना ठाऊक असेल. ताई मला दरवेळी वेगळा प्रश्न विचारते. मागच्या वेळी तिने विचारले, आपल्या आईच्या मलिद्याच्या ताटात पाच फळांपैकी कोणते फळ कधीच नसे? मला आठवेना. तिने पैसे पाठवण्यास साफ नकार दिला. पैसे मी मागितले होते ते माझ्याच भाचीच्या लग्नातल्या अहेरासाठी.

बोलणे संपवण्यापूर्वी एक कबुली. गेल्या आठवड्यात मी ज्या संकेतस्थळावर आजच्या मेळाव्याची वेळ पाहायला गेले, तेथेच लाल त्रिकोण आला. शब्द होता 'डेट'. माझे घड्याळ बरोबर होते. प्रमाणपत्राची मुदत आदल्या रात्री संपली होती. ही नव्वद दिवसांची प्रमाणपत्रे आपोआप नवी होतात, पण ते आपोआपचे यंत्रही कधीतरी अडते. पाहायची होती फक्त वेळ, पासवर्ड द्यायचा नव्हता. बटण दाबले असते तर कदाचित काहीच बिघडले नसते. मी ते चालवणाऱ्या आपल्या स्वयंसेवकाला फोन केला. रात्रीचे अकरा वाजले होते. तो म्हणाला, मावशी, तुमच्या आधी तीस जण तरी येऊन गेले असतील, कोणीच सांगितले नाही. अर्ध्या तासाने पान उघडले, आणि मेळावा दुपारी तीन वाजता आहे हे मला कळले.

बाहेर चहा तयार आहे. ज्यांनी जुने लॅपटॉप आणले आहेत, त्यांनी ते डावीकडच्या टेबलावर मांडावेत. मुले सुधारणा लावून देतील.